उतरायचं भाडं

विमानात मी कधी बसलो नाही आणि आता बसणारही नाही. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण तेल स्वस्त झालं तरी विमानाचं तिकीट स्वस्त का होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तोच धंदा मी पोलादपूरच्या स्टँडवर वीस वर्षं केला. माझं विमान चार चाकांचं होतं, मागचं दार काथ्यानं बांधलेलं होतं आणि हवाईसुंदरीच्या जागी एखादी शेळी असायची, एवढाच फरक.

शहाणपण सांगायला लिहीत नाही. माझी बायको गेली आणि ती गेली तेव्हा मुलगा जवळ नव्हता. कारण तिकीट. तिकिटाला कारण विमान कंपनी, असं आमच्या गावात सगळे म्हणतात. म्हणू देतो. तोंडानं सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून खरं काय झालं ते कागदावर घालतोय.

आमचं गाव वर, कुडपणच्या पठाराच्या अंगाला. एसटी आली तर आली, नाही तर नाही. तिच्या भरवशावर बसणारा माणूस म्हातारा व्हायचा. म्हणून आम्ही जीपवाले. नऊ माणसांची गाडी, सोळा भरल्याशिवाय हलवायची नाही. सोळावा टपावर. चढताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कण्हत यायची, डिझेल ढोसायची. उतरताना मात्र घाटाच्या तोंडाशी आलो की मी इंजिन बंद करायचो, गिअर काढायचा, पाय ब्रेकवर आणि बाकी देवावर. खालच्या पुलापर्यंत थेंब जळायचा नाही. आणि भाडं? चढायला दहा, उतरायलाही दहा. वीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही, की बाबा रे, उतरताना तू कशाचे दहा घेतोस?

एकीनं विचारलं. माझ्या बायकोनं.

बाजाराला खाली जायचं असलं की सकाळची पहिली भवानी तीच द्यायची. घरचं माणूस फुकट बसलं की सगळा दिवस फुकट जातो, असं तिचं शास्त्र. नाचणीची पिशवी नाहीतर तुपाचा डबा मांडीवर घेऊन मागच्या बाकावर दाराशी बसायची. मालकीण म्हणून पुढे कधी बसली नाही. म्हणायची, पुढे बसलं की तुमचं गाडी चालवणं दिसतं. मग कनवटीची गाठ सोडून आठ रुपये माझ्या हातावर ठेवायची.

"दहा हायत," मी म्हणायचो.

"चढायला दहा. उतरताना गाडी डोंगर ढकलतो. दोन रुपये डोंगराचे."

"डोंगराला देतेस काय नेऊन?"

"डोंगर मागतो कुठं तुमच्यासारखा?"

सगळी गाडी हसायची. भवानीच्या पैशावर घासाघीस करायची नसते, असतील तेवढे कपाळाला लावायचे. म्हणून मी गप्प आठ रुपये कपाळाला लावायचो. ती मनातल्या मनात जिंकायची आणि मी बाकीच्या पंधरा जणांकडून दहा-दहा घेऊन जिंकायचो. संसार असाच चालतो. इंजिन बंद केलं की मागून आणखी एक वाक्य ठरलेलं, "गिअरमध्ये टाका अवो, बंद गाडीत मयतागत वाटतं." मी एकदाही टाकली नाही.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात डिझेल महागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पंपावर नवा आकडा सुकायच्या आत, आम्ही स्टँडवर भाडं बारा केलं. एका मिनिटात सगळ्यांचं एकमत. अशी एकी आमच्यात वर्षातून एकदाच दिसायची, एरवी गाडी भरायच्या नंबरावरून एकमेकांच्या गचांड्या धरणारी माणसं. तिनं भवानीचे आठाचे दहा केले. दोन रुपये डोंगराचे तसेच.

नवरात्र संपलं आणि तिला जेवण जाईना. महाडच्या डॉक्टरनं मुंबईला पाठवलं, मुंबईच्यांनी पोटात गाठ आहे, उशीर झालाय, घरी न्या, असं सांगितलं. एवढंच सांगायला त्यांनी अकरा दिवस ठेवून घेतलं. किती दिवस म्हणून विचारलं तर तरुण डॉक्टर म्हणाला, "चार-पाच महिने धरा." मी धरले. चार-पाच महिने म्हणजे मला शिमग्यापर्यंतची पक्की पावती मिळाल्यासारखं वाटलं. डॉक्टरचा अंदाज आणि एसटीचं वेळापत्रक, दोन्ही भिंतीवर लावायची गोष्ट, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मुलगा मस्कतला. मोठ्या इमारतींच्या थंड हवेच्या मशिनी दुरुस्त करतो. कंपनी दोन वर्षांनी एकदा तिकीट देते, ते यायचं होतं पुढच्या उन्हाळ्यात. आधी यायचं तर तिकीट स्वतःचं. त्यानं दिवाळीनंतर फोन केला. गावात रेंज नाही, मी स्टँडवर चहाच्या टपरीशी उभा होतो.

"बाबा, येऊ काय? तिकीट लय चढलंय. तेलाचे पैसे म्हणून वेगळे लावतात, तेच तिकिटाएवढे. पण तुम्ही म्हणाल तसं."

टपरीवरचा पेपर समोर पडलेला. त्यात मोठ्या अक्षरात, जगात तेल उतरलं, पावसाळ्यात होतं त्याच्या निम्म्याच्याही खाली गेलं. मी पेपर वाचणारा माणूस. सगळ्या स्टँडला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि न कळलेलं स्वतःच्या पदरचं घालायचो. म्हटलं, "अरे, तेल पडलंय! आता तिकीट उतरणार. महिनाभर थांब. डॉक्टरनं शिमग्यापर्यंत सांगितलंय. नाताळानंतर ये, स्वस्तात ये, जास्त दिवस राहा."

"नक्की ना बाबा?"

"नक्की. मला गाडीधंद्यातलं कळतं."

हे मी बोललो. कुणी बोलायला लावलं नाही. पैसे मुलाचे जाणार होते, माझे नाही, तरी वाचवायची घाई मला. आमच्याकडं माणसाला मोठं वाटायचं असेल तर तो दुसऱ्याचे पैसे वाचवून दाखवतो.

संध्याकाळी घरी येऊन तिला सांगितलं. ती ओटीवर घोंगडी पांघरून बसलेली. विचारलं तिनंच, "कधी येतोय?"

"तिकीट उतरलं की. तेल पडलंय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली. पोट दुखत होतं तरी हसली, एका हातानं पोट धरून.

"काय गो, हसतेस काय?"

"अवो, तुमी उतरवलं होतं कधी?"

"काय?"

"भाडं. तुमी वीस वर्षांत उतरवलं कधी? मग ती विमानवाली तुमच्यापरीस साधी हायत काय?"

मी ओरडलो. विमान कंपनी म्हणजे शिकलेली माणसं, तिथं हिशोबानं चालतं, तुला काय कळतंय. ती म्हणाली, "बरं." ती बरं म्हणाली की मी हरलेला असायचो. तरी मी मुलाला फोन केला नाही. एका बाईच्या टोमण्यानं काय आपला शब्द मागं घ्यायचा?

महिना गेला. आमच्याकडंही डिझेल दोन रुपयांनी उतरलं. स्टँडवर एक मास्तर होता, रोज आमच्या गाडीनं वरच्या शाळेत जायचा. तो म्हणाला, "आता भाडं कमी करा." आम्ही सात जीपवाले टपरीमागं जमलो. एक म्हणाला, टायर महागलेत. दुसरा म्हणाला, जुन्या भावाचं डिझेल टाकीत शिल्लक आहे, ते संपू दे. त्याची टाकी संध्याकाळी नेहमी रिकामीच असायची, बाटलीनं घालून पंपापर्यंत जायचा. तिसरा म्हणाला, सुट्ट्या पैशांची बोंब आहे, बारा बरे पडतात. बाराला सुट्टे लागतात आणि दहाला लागत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही आणि आम्हीही आणून दिलं नाही. मी? मी मान हलवली. घरी ती पडलेली, मस्कतला पोरगं माझ्या शब्दावर थांबलेलं, आणि मी बाराच ठेवा म्हणून मान हलवली. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण मध्ये घाट होता.

त्या आठवड्यात तिचं पाणीही आत राहीना. महाडला न्यायचं ठरलं. मागच्या बाकावर गादी घातली, शेजारीण तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ही शेजारीण म्हणजे तिची बाजारातली जोडीदारीण, तूप ती विकायची आणि गप्पा ही. गाडी चालू करणार तोच मागून हात आला. मुठीत दहाची नोट.

"आज भवानी नको गो," मी म्हटलं.

"नको कशी? दिवस फुकट जाईल." आवाज नव्हता, नुसते ओठ. "दोन डोंगराचे."

त्या दिवशीही मी घाटात इंजिन बंद केलं. सवय. मागून काही आवाज आला नाही, तेव्हा कळलं, की ती नेहमीचं वाक्य बोलली नाही.

महाडच्या डॉक्टरनं सलाईन लावली आणि मला बाहेर घेऊन म्हणाला, "मुलाला बोलवा." मी तसाच बाजारपेठेत गेलो. तिथं जिन्यावरच्या खोलीत एक माणूस आखातातली तिकिटं काढून द्यायचा. भिंतीवर विमानाचं चित्र, टेबलावर लिंबू-मिरची. विमानाला लिंबू लागतं म्हटल्यावर माझा जीव जरा थंड झाला, आपल्यातलाच माणूस. मस्कतहून मुंबईचं काय चाललंय म्हणून विचारलं. त्यानं कॉम्प्युटरवर बघून आकडा सांगितला. दिवाळीनंतर मुलानं सांगितला होता त्याहून जास्त.

"अहो, तेल उतरलंय ना?"

"काका, तेल उतरलं म्हणून तिकीट उतरत नसतं."

"का?"

त्यानं माणुसकीनं समजावलं, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "एक तर कंपन्यांनी तेल महाग असतानाच पुढच्या महिन्यांचा भाव बांधून ठेवलाय. आणखी महागेल म्हणून घाबरल्या."

म्हणजे जुन्या भावाची टाकी.

"दुसरं, मंदीमुळे माणसं कमी झाली, तर त्यांनी विमानंच कमी केली. आहेत ती भरून जातात."

आम्हीही दुपारी दोन गाड्या झाडाखाली लावून द्यायचो, तिसरी टपापर्यंत भरावी म्हणून.

"डॉलर महागलाय, कंपन्या विमानं भाड्यानं घेतात ते भाडं, सुट्टे भाग सगळं त्यात."

टायर.

"आणि आता नाताळ. सगळे सुट्टीला निघालेत."

आमचा गणपती आणि शिमगा.

"शेवटी काय काका, माणूस देतोय तोवर कोण कमी करेल? महाग झालं की लगेच वाढवतात, स्वस्त झालं की वाट बघतात, कोण पहिलं उतरवतं ते. आणि कुणीच उतरवत नाही."

मी म्हटलं, "मग सरळ सांगा ना, आमच्या स्टँडवरची माणसं आहेत ती, टाय लावलेली."

तो हसला. मला हसता आलं नाही. डोळ्यांपुढं टपरीमागचे सात जण आले, आणि त्यात मान हलवणारा मी.

खाली रस्त्यावर येऊन मुलाला फोन लावला. म्हटलं, मिळेल त्या भावानं ये. त्यानं एका शब्दानं विचारलं नाही, की तिकीट उतरणार होतं त्याचं काय झालं. पण जागाच नव्हती. विमानं कमी केलेली, माणसं नाताळची. चार दिवसांनंतरची मिळाली, दिवाळीच्या दुपटीहून जास्त देऊन.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. घरी आणली होती. शेजारीण तोंडात पाणी घालत होती, मी चुलीवर चहा ठेवला होता, तो उतू गेला, एवढंच मला नीट आठवतं. गावानं दुपारपर्यंत वाट पाहिली. मुलगा दुसऱ्या दिवशी येणार होता. जाणती माणसं म्हणाली, ठेवता येणार नाही. विमान कंपनीला शिव्या घालत तिला उचलली. सगळ्यांत मोठ्यानं शिव्या मी घातल्या.

तेराव्यापर्यंत पाहुणे येत राहिले. पोलादपूरला उतरायचे आणि आमच्याच जीपवाल्या भावांकडून वर यायचे. नंतर कळलं, की मयताला आलेत म्हणजे घासाघीस करणार नाहीत, असं धरून त्यांनी माणशी वीस घेतले. माझ्याच बायकोच्या मयताला, माझ्याच स्टँडवर. मी भांडायला गेलो तर एक म्हणाला, "तू असतास तर काय केलं असतंस?" मी परत आलो.

मुलाला सुट्टी पंधरा दिवसांची. तेरावं उरकून त्याला खाली सोडायला मीच निघालो. गाडीत दोघंच. तो पुढे बसला. घाटाच्या तोंडाशी मी इंजिन बंद केलं. बंद गाडी म्हणजे नुसता वाऱ्याचा आणि टायरचा आवाज. लपायला जागा नसते. दोन वळणं गेली आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब म्हणून मीच सांगितलं होतं रे तुला."

तो काचेतून खाली बघत होता. आणखी एक वळण गेलं. मग म्हणाला, "गाडी गिअरमध्ये टाका, बाबा."

मी टाकली. इंजिन गुरगुरायला लागलं. पुढं पोलादपूरपर्यंत आम्हाला बोलावं लागलं नाही. हायवेला मुंबईची गाडी आली तेव्हा तो पाया पडला आणि म्हणाला, "ती विमानवाली साली चोर हायत, बाबा." मी म्हटलं, "हायत खरी." त्यानं मला तेवढी जागा करून दिली, आणि मी निर्लज्जासारखा तिथं बसलो.

थंडी सरताना त्याचा फोन आला. आवाज चाचरत होता. तिकीट उतरलं होतं. आता कुणाची सुट्टी नव्हती, सण नव्हता, विमानं रिकामी जात होती. मला चीड आली. कुणावर, ते मी शोधत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी गाडी भरली आणि मी उभा राहून सांगितलं, "चढायचे बारा. उतरायचे दहा. आजपासून."

आनंद होईल असं मला वाटलं होतं. गाडीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "का रे? ब्रेक बिघडलाय काय?"

"ब्रेक चांगला हाय."

"मग स्वस्त का?"

दोघंजण तेवढ्यावर खाली उतरले आणि मागच्या गाडीत जाऊन बारा देऊन बसले. मागचा जीपवाला शिव्या देत आला. धंदा बसवतोस, वेडा झालास, बायको गेली म्हणून आम्हाला मारतोस काय. मी म्हटलं, "होय." त्याला एवढं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं.

शेजारीण मागच्या बाकावर दाराशी बसली होती, डबा मांडीवर घेऊन. आता तूपही तीच विकत होती. कनवटीतून तिनं बारा रुपये काढले होते. दोन परत गाठीत बांधले आणि दहा माझ्या हातावर ठेवले.

"डोंगराचे?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"ती तर दहा वर्षं सांगत होती," ती म्हणाली. "हाण आता. ऊन चढलं."

दहा रुपये मी कपाळाला लावले. घाटाच्या तोंडाशी हात चावीकडं गेला, तो मागं घेतला. पुलापर्यंत गाडी गिअरमध्येच उतरवली. डिझेल जास्त गेलं, भाडं कमी आलं. असा उलटा धंदा मी गाडी विकेपर्यंत केला, आणि स्टँडवर सगळे म्हणत राहिले, की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.